साथीच्या काळात परदेशातून भारतात ये-जा करताना चाचणी आणि विलगीकरणाचे नियम कसे सांभाळायचे?

तुमचा प्रश्न असा आहे : मुलगी जर्मनीत शिकते, कोविडमध्ये नियम रोज बदलत होते असं ऐकलंय, पुन्हा अशी साथ आली तर ते नियम ठरवतं कोण आणि तिने काय काय सांभाळायचं? मी शारजात नोकरीला आहे आणि २०२१ मध्ये या सगळ्यातून गेलोय, म्हणून लिहितो.

आधी माझं काय झालं ते. एप्रिल २०२१ च्या सुरुवातीला सांगलीत आईला न्यूमोनिया होऊन दवाखान्यात ठेवलं. तेव्हा भारतात उतरायचं तर प्रवासाआधी ७२ तासांच्या आतला आरटी-पीसीआर निगेटिव्ह लागायचा, आणि तो 'एअर सुविधा' या सरकारी पोर्टलवर स्वघोषणेबरोबर चढवावा लागायचा. मी गुरुवारी सकाळी आठ वाजता स्वॅब दिला, शुक्रवारी संध्याकाळी अहवाल आला, रविवारी सकाळी साडेदहाचं विमान होतं. अहवाल शुक्रवारचा म्हणजे दोनच दिवस झाले, असा माझा हिशोब. काउंटरवरच्या मुलीने कागद फिरवून माझ्यासमोर धरला आणि 'नमुना घेतल्याची वेळ' या ओळीवर बोट ठेवलं. साडेचौऱ्याहत्तर तास झाले होते. ती वाईट वागली नाही, पण तिने बॅग परत खाली ठेवायला सांगितली. पुन्हा स्वॅब, पुन्हा पैसे, आणि सोमवारी रात्रीचं विमान. तेव्हा विमानं मोजकीच होती, तिकीट मिळालं हेच नशीब. पण तो दीड दिवस भाऊ एकटा दवाखान्यात धावत होता, हे माझ्या मनातून अजून जात नाही.

म्हणून पहिली गोष्ट हीच सांगतो : तारीख मोजू नका, तास मोजा, आणि स्वॅब नाकात गेल्या क्षणापासून मोजा. अहवाल छापल्याची वेळ कुणी विचारत नाही. त्यावर पासपोर्ट नंबर आणि क्यूआर कोड आहे ना, नाव पासपोर्टवरच्या अक्षरांतच आहे ना, हे प्रयोगशाळेतून बाहेर पडायच्या आधी बघायचं.

या तासांमागे कारण आहे. लागण झाल्यावर पहिले एक-दोन दिवस चाचणीत काही सापडत नाही. शिवाय स्वॅब दिल्यानंतर टॅक्सीत किंवा लग्नात लागण झाली तर आधीचा निगेटिव्ह कागद काय कामाचा? म्हणून नमुना आणि विमान यांतलं अंतर जितकं कमी तितकं बरं, आणि म्हणूनच काही देशांतून आलेल्यांची उतरल्यावर पुन्हा चाचणी, मग सात दिवसांनी आणखी एक. सुरुवातीला, मे २०२० मध्ये, केंद्राने चौदा दिवस सांगितले होते : सात स्वखर्चाने संस्थेत (म्हणजे सरकारने ठरवलेल्या हॉटेलात किंवा केंद्रात), सात घरी. ऑगस्ट २०२० पासून ९६ तासांच्या आतला निगेटिव्ह अहवाल असेल तर संस्थेतले सात दिवस माफ झाले.

आता ठरवतं कोण. केंद्राचं आरोग्य मंत्रालय एक नियम काढतं, राज्य त्यावर आपला चढवतं, आणि मुंबईत महापालिका तिसरा. मी उतरलो तेव्हा आखाती देशांतून आलेल्यांनी विमानतळावर स्वॅब देऊन जावं आणि निगेटिव्ह आला तर चौदा दिवस स्वतःच्या तब्येतीवर लक्ष ठेवावं, असं केंद्राचं म्हणणं होतं. मुंबईत मात्र सात दिवस हॉटेलात बसवत होते. माझ्याकडे लसीच्या दोन्ही डोसांचं प्रमाणपत्र छापलेलं होतं, म्हणून मला हॉटेलाऐवजी घरीच वेगळं राहायला सोडलं. माझ्या शेजारच्या सीटवरच्या माणसाचा एकच डोस झाला होता, तो अंधेरीकडच्या बसमध्ये चढला.

या थरांचं भांडण किती टोकाला जातं त्याचं उदाहरण कोविडच्या ओमायक्रॉन या नव्या प्रकाराच्या वेळचं. ३० नोव्हेंबर २०२१ ला महाराष्ट्राने आदेश काढला की जोखमीच्या देशांतून येणाऱ्यांनी सात दिवस संस्थेतच राहायचं आणि दुसऱ्या, चौथ्या, सातव्या दिवशी चाचणी द्यायची. केंद्राने हरकत घेतली आणि २ डिसेंबरला आदेश बदलला. या दोन दिवसांत विमानात बसलेल्या माणसाने काय करायचं? लोकांची काळजी म्हणून कडक नियम करा, माझी ना नाही. पण निदान आधीच निघालेल्यांना तरी त्यातून वगळा.

सांगलीत पोचलो तर सात दिवस मी माडीवर. पाचव्या दिवशी आईला घरी आणलं. ती खाली पलंगावर, मी जिन्याच्या कठड्याशी मास्क लावून. 'जेवलास का रे?' असं ती खालून विचारायची, आणि तिलाच धाप लागायची. तो नियम मी पाळला आणि पुन्हाही पाळीन.

जायचं कधी हे ठरवता येतं, परतायचं कधी हे आपल्या हातात राहत नाही. २४ एप्रिलच्या रात्रीपासून अमिरातीने भारतातून येणाऱ्यांना दार बंद केलं. मी थेट ऑगस्टमध्ये परत गेलो. काही जण अर्मेनियात चौदा दिवस काढून गेले, तेवढा पैसा माझ्याकडे नव्हता. ५ ऑगस्टपासून तिथे दोन्ही डोस घेतलेल्या रहिवाशांना घेऊ लागले, पण ४८ तासांच्या आतला आरटी-पीसीआर, शिवाय विमान सुटायच्या आधी चार तासांत विमानतळावरच रॅपिड पीसीआर. मुंबईत त्याचे साडेचार हजार रुपये भरले आणि रांगेत हातातली पावती घामाने भिजली.

तुमच्या मुलीसाठी यातलं महत्त्वाचं म्हणजे निवास परवाना. जर्मनीने २६ एप्रिल २०२१ ला भारताला विषाणूच्या नव्या प्रकाराचा भाग ठरवलं तेव्हा प्रवेश मुख्यतः जर्मन नागरिक आणि तिथे राहणाऱ्यांनाच होता, त्यांनाही चौदा दिवस विलगीकरण. नव्याने जाणारे विद्यार्थी इथेच थांबले. ७ जुलैला ते शिथिल झालं. म्हणून तिच्या परवान्याची मुदत संपत आली असेल तर साथीच्या दिवसांत ती वाढवून घेतल्याशिवाय भारतात येऊ नये. आणि तिकीट थेट किंवा एकाच थांब्याचं घ्यावं, कारण मधल्या देशाचा नियमही लागू होतो.

आणखी एक, बोलायला जड आहे. घरात मृत्यू झाला तर निगेटिव्ह अहवालाशिवाय येण्याची सवलत फेब्रुवारी २०२१ च्या नियमात होती, पण तिचा अर्ज विमानात बसायच्या किमान ७२ तास आधी करायचा होता. आपल्याकडे अंत्यसंस्कार तीन दिवस थांबत नाहीत. हा नियम लिहिणाऱ्याने एकदा तरी अशा घरात बसून बघायला हवं होतं. त्यामुळे आईवडील आजारी आहेत असं कळताच, वाईट बातमीची वाट न बघता, तिने स्वॅब देऊन ठेवावा. ७२ तास टळले तर दुसरा द्यावा. पैसे जातात, जाऊ द्यावेत.

'एअर सुविधा'चा फॉर्म २२ नोव्हेंबर २०२२ पासून बंद झाला. जानेवारी २०२३ मध्ये चीन, जपान वगैरे सहा ठिकाणांहून येणाऱ्यांसाठी तो थोडे दिवस परत आला आणि फेब्रुवारीत गेला. जुलै २०२३ मध्ये दोन टक्के प्रवाशांची अचानक चाचणीही थांबवली. पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लसीचं पिवळं कार्ड मात्र कोविडच्या कितीतरी आधीपासून आहे : आफ्रिकेतल्या किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराच्या देशातून येत असाल तर लस किमान दहा दिवस आधी घेतलेली हवी, नाहीतर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. मुलगी सुट्टीत केनियाला जाऊन तिथूनच घरी येणार असेल, तर हे आजच तिच्या कानावर घाला.