उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाचं आयुष्य कसं असतं? तिथपर्यंत माणूस पोहोचतो कसा?

मी 30 वर्षं मुंबई उच्च न्यायालयात वकिली करतोय. न्यायमूर्तींना रोज समोरून पाहतो, तेवढंच सांगतो.

या पदासाठी परीक्षा नसते. उच्च न्यायालयात किमान 10 वर्षं वकिली किंवा तेवढीच न्यायिक सेवा लागते. मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती नाव सुचवतात. मग राज्य सरकार, केंद्र, गुप्तचर विभागाचा अहवाल, सर्वोच्च न्यायालयाचं कॉलेजियम (सरन्यायाधीश आणि तिथल्या ज्येष्ठ न्यायमूर्तींचं मंडळ) आणि शेवटी राष्ट्रपतींची सही. यात महिनोन्‌महिने जातात आणि त्या माणसाचा जीव टांगणीला लागलेला असतो. सुरुवातीला बहुतेकांना दोन वर्षांसाठी अतिरिक्त न्यायमूर्ती नेमतात. पुढे दुसऱ्या राज्यात बदलीही होऊ शकते. पगार महिना 2,25,000 रुपये. चालती वकिली सोडून येणाऱ्याचं उत्पन्न एकदम खाली येतं.

साडेचारच्या सुमारास कोर्ट उठतं, पण काम उठत नाही. चेंबरमध्ये स्टेनोला डिक्टेशन, आणि उद्याच्या बोर्डाचे, म्हणजे उद्या सुनावणीला असलेल्या प्रकरणांचे, गठ्ठे गाडीतून घरी. भूसंपादनाच्या एका अपिलात न्यायमूर्तींनी मला थांबवून विचारलं, "पंचनाम्यात आंब्याची झाडं 41 आहेत, खालच्या कोर्टाच्या निकालात 14 कशी?" आम्हा दोन्ही वकिलांच्या नजरेतून ते सुटलं होतं. त्यांनी रात्री पान न्‌ पान वाचलं होतं. त्या शेतकऱ्याची भरपाई त्या एका प्रश्नाने बदलली.

सगळ्यात अवघड असतो तो एकटेपणा. माझ्याबरोबर बार रूममध्ये, म्हणजे कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत, रोज डबा खाणारा मित्र न्यायमूर्ती झाला. पहिल्या दिवशी चोपदारामागून तो कोर्टात आला, आम्ही सगळे उठून उभे राहिलो, मी मान लववली. त्याने ओळख दाखवली नाही, आणि दाखवायलाही नको होती. तेव्हापासून मीही फोन करत नाही. लग्नकार्यात भेटला तर दोन शब्द, तेही घरच्यांबद्दल. न्यायमूर्ती रानडे 1893 पासून 1901 पर्यंत याच न्यायालयात होते आणि सोबत सामाजिक परिषदही चालवत होते. आजच्या न्यायमूर्तीला एवढी मोकळीक नाही, आणि मला ते योग्यच वाटतं. पक्षकाराच्या मनात शंकेला जागाच राहू नये.

मित्र पुढच्या वर्षी 62 पूर्ण करून निवृत्त होईल. कायम न्यायमूर्ती म्हणून काम केल्यावर घटनेच्या कलम 220 प्रमाणे सर्वोच्च न्यायालयात किंवा दुसऱ्या उच्च न्यायालयात वकील म्हणून उभं राहता येतं, इथे नाही. त्या संध्याकाळी मात्र मी त्याला फोन करणार आहे. डबा माझ्या घरून.