'ब्रॅट्स'ची १६ मिमी प्रिंट घेताना

लॉरेल आणि हार्डी, म्हणजे आपले जाड्या-रड्या, यांच्या १९३० सालच्या 'ब्रॅट्स'ची १६ मिमी (रुंद फिल्मवरची) बोलती प्रिंट, म्हणजे आवाजासह प्रोजेक्टरवर दाखवायची प्रत, घेण्याआधी काय तपासावं, असं विचारलंत.

डबा उघडला की पहिल्यांदा वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ॲसिटेट, म्हणजे फिल्मचा प्लास्टिकचा पाया, कुजायला लागलंय. ते मागे फिरत नाही, शिवाय शेजारच्या रिळांनाही बाधतं. मग १०० फ्रेम्स मोजून पट्टी लावा. ७६.२ सेंमी भरायला हवेत. ७५.५ च्या खाली असेल तर फिल्म जवळपास एक टक्का आकसलीय. प्रोजेक्टरवर चढवू नका, फिल्मच्या कडेची छिद्रं फाटतील.

आता लांबी. सेकंदाला २४ फ्रेम्स या वेगाने मिनिटाला ३६ फूट फिल्म जाते. हा लघुपट साधारण २१ मिनिटांचा, म्हणजे साडेसातशे फूट तरी हवी. साडेसहाशेच भरली तर जवळजवळ तीन मिनिटं गेलीच. शेपूट आवर्जून बघा: शेवटी न्हाणीघराचं दार उघडतं आणि पाण्याचा लोंढा येतो. सगळा लघुपट या क्षणाकडे येतो, आणि रिळाची टोकंच सगळ्यात जास्त फाटतात.

सांधे, म्हणजे फिल्म कापून जोडलेल्या जागा, मोजा. १६ मिमीवर आवाज त्याच्या चित्राच्या २६ फ्रेम्स पुढे छापलेला असतो. कुणी पाच-सहा फ्रेम्स कापल्या की चित्र तिथेच उडी मारतं, आवाज मात्र सेकंदभराने. तेवढा वेळ तो मागे पडलेला असतो. साध्या संवादात खपून जाईल. पण आपटणं आधी दिसलं आणि धप्पकन आवाज नंतर आला, तर गंमत गेली.

आवृत्तीही विचारून घ्या. १९३७ मध्ये हा लघुपट पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा लीरॉय शील्ड यांचं पार्श्वसंगीत वरून चढवलं गेलं, आणि प्रिंट्स सहसा त्याच आवृत्तीच्या मिळतात. संगीत सुरेखच आहे. तरी मला १९२९-३० च्या बोलपटांतला उघडा आवाज जास्त मोलाचा वाटतो. आजूबाजूला शांतता, त्यामुळे प्रत्येक पाऊल, प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो.

शेवटी मिनिटभर नुसतं ऐका. 'स'-'श' बोथट आणि चेहरे पांढरेफटक असतील, तर ती प्रिंटवरून काढलेली प्रिंट आहे. तिला अस्सल प्रिंटचा भाव देऊ नका.