कल्पित जगाचं पुराण रचलं, पण ते पाठ्यपुस्तकासारखं वाटतंय. काय करू?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: कादंबरीसाठी तुम्ही अरुणद्वीप नावाचं जग उभं केलंय. सृष्टीची उत्पत्ती, देवांची सात युद्धं, राजवंशांच्या याद्या असा 12,000 वर्षांचा इतिहास तयार आहे. तिसऱ्या युद्धात अग्निदेव नीलाक्षाचा डावा हात तुटून पडतो, वगैरे. पण वाचणारे मित्र म्हणतात, स्पर्धा परीक्षेच्या नोट्स वाचल्यासारखं वाटतं. कमी काय पडतंय?

माझ्या मते कमी काहीच पडत नाही, क्रम उलटा झालाय. तुम्ही आधी देव घडवलेत, मग युद्धं, मग राजे, आणि त्या जगात आज राहणारी माणसं सगळ्यात शेवटी. प्रथा आधी की कथा आधी हा वाद अभ्यासकांना घालू दे. लिहिणाऱ्याने मात्र आजच्या प्रथेपासून मागे जावं. लोक वर्षातून एकदा काहीतरी विचित्र करतात, बाहेरचा माणूस विचारतो "हे असं का?", आणि पुराण सुरू होतं.

मी कोल्हापूरचा, म्हणून उदाहरणं इथलीच देतो. नवरात्रात ललितापंचमीला अंबाबाईची पालखी शहराच्या पूर्वेला टेंबलाईच्या टेकडीवर जाते. तिथे कुमारिकेच्या हातून कोहळा फोडला जातो आणि त्याची फाक मिळवायला अशी झुंबड उडते की पायातली चप्पल गेली तरी कोणी खाली वाकत नाही. का? तर म्हणे कोल्हासुराला अंबाबाईने मारलं. मरताना त्याने वर मागितला: या नगराला माझं नाव राहू दे आणि माझ्या नावाने दरवर्षी कोहळा फोडला जाऊ दे. त्याचा मुलगा कामाक्ष. त्याने योगदंडाच्या जोरावर सगळ्या देवांची मेंढरं करून टाकली. त्र्यंबोली, म्हणजे आमची टेंबलाई, पुढे झाली, तिने कामाक्षाला मारलं आणि देव सोडवले. मग विजयाचा सोहळा झाला आणि नेमकं तिलाच बोलावणं गेलं नाही. ती रुसली, टेकडीवर जाऊन शहराकडे पाठ करून बसली. अंबाबाई दरवर्षी तिची समजूत काढायला जाते ती त्यासाठी.

आता यात असुरवध बाजूला काढा. असुरवध सगळीकडे असतो, तुमच्याकडे तर सात युद्धं आहेत. ही कथा टिकते ती मानपानावर. ज्या घरात लग्नाची पत्रिका द्यायची राहिली म्हणून आत्या आयुष्यभर बोलत नाही, त्या घराला टेंबलाई समजावून सांगावी लागत नाही. आणि दुसरी गोष्ट, मेलेला असुर गावाच्या नावात राहिला. तुमचे खलनायक युद्ध संपलं की पुसून टाकल्यासारखे नाहीसे होतात. हरलेल्याचा काहीतरी वाटा जगात उरला पाहिजे. एखादा सण, एखादी शिवी, एखादं आडनाव, काहीही.

त्याच टेकडीवर आषाढात वेगळीच गडबड असते. पंचगंगेला नवं पाणी आलं की गल्लीगल्लीतून त्या पाण्याच्या कळशा 'पी ढबाक'च्या तालावर टेंबलाईला नेऊन ओततात. वाजंत्री जशी वाजते तसंच तिचं नाव पडलंय. या जत्रेत नाचणाऱ्या दहा पोरांना कामाक्षाचं नाव विचारलंत तर नऊ जण मान हलवतील. तरी टेकडीवर कोण बसलंय हे दहाही जणांना माहीत असतं. तुमच्या पात्रांनाही पुराण असंच अर्धवट माहीत असू द्या. तुमचा प्रत्येक गुराखी सृष्टीच्या उत्पत्तीवर दोन पानं बोलतो, हे मित्रांना खटकणारच.

नकाशाचं तेच. पंचगंगा म्हणजे कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि सरस्वती. पहिल्या चार तुम्हाला नकाशावर सापडतील, पाचवी गुप्त आहे. प्रयाग चिखलीच्या संगमावर जाऊन कोणी "पण पाचवी कुठाय?" असं भांडत बसत नाही, स्नान करतात आणि घरी येतात. अरुणद्वीपाच्या नकाशात तुम्ही प्रत्येक ओहोळाला नाव दिलंय. एखादी नदी फक्त लोकांच्या तोंडी ठेवा.

मग विसंगती. अंबाबाई इथे कशी आली याच्या निदान दोन कथा आहेत. एकीत ती कोल्हासुराला मारायला येते. दुसरीत भृगूने विष्णूच्या छातीवर लाथ मारली, विष्णूने उलट त्याचेच पाय चेपले, म्हणून लक्ष्मी चिडून वैकुंठ सोडून करवीरात आली. या दुसऱ्या कथेला धरून नवरात्रात तिरुपतीहून देवीला शालू येतो. पण मूर्तीमागे सिंह आहे, हातात गदा आणि ढाल आहे, मग ही विष्णुपत्नी की आदिशक्ती? यावर इथे अजून कडाक्याची भांडणं होतात. पूजा मात्र एकदाही थांबत नाही. तुमच्या जगात सगळ्या पुरोहितांचं सगळ्या बाबतीत एकमत आहे. असं एकमत मी आमच्या गल्लीच्या गणेश मंडळातसुद्धा पाहिलेलं नाही.

आकड्यांबद्दल थोडं. पुराणांनी कलियुगाला 4,32,000 वर्षं दिली, द्वापराला त्याची दुप्पट, त्रेताला तिप्पट, कृताला चौपट. चारही मिळून 43,20,000. त्यापुढे तुमची 12,000 म्हणजे किरकोळ. पण या आकड्यांनी कोणाच्या पोटात गोळा येत नाही. रंकाळा तलावाकाठच्या नंदीची गोष्ट ऐकून लहानपणी मात्र आला होता. तो नंदी म्हणे रोज गव्हाएवढा पुढे सरकतो आणि तांदळाएवढा मागे येतो. ज्या दिवशी तळ्यापर्यंत पोचेल त्या दिवशी प्रलय. आम्ही पोरं गहू आणि तांदूळ शेजारी ठेवून फरक बघायचो आणि मग नंदीच्या देवळाकडे जायला घाबरायचो. काळ मोजायचा तर असा मोजा.

एक युक्ती तर मी उघडपणे उचलली आहे. कृष्णेकाठी खिद्रापूरला कोपेश्वराचं देऊळ आहे, शिलाहार काळातलं. खांबांवरचं, भिंतींवरचं कोरीव काम बघून मान दुखते, पण शिवमंदिर असून समोर नंदी नाही. सांगतात असं की सती नंदीवर बसून माहेरी, दक्षाच्या यज्ञाला गेली, ती परत आलीच नाही. शंकर कोपला. त्याला शांत करायला विष्णू आला, म्हणून गाभाऱ्यात कोपेश्वराबरोबर धोपेश्वर, म्हणजे विष्णूही आहे. आणि नंदी? तो पलीकडे कर्नाटकात येडूरला. म्हणजे एका गावातली रिकामी जागा आणि दुसऱ्या गावातला नंदी एकाच गोष्टीने बांधलेत. रिकाम्या जागेवर पुराण सगळ्यात चांगलं रुजतं.

ते घेऊन मी माझ्या वहीतलं जग रचलं. दर्याकोट नावाचं बंदर, आकाशात चंद्र एकच, पण जुन्या देवळांच्या कळसांवर दोन कोरलेले. धाकटा कुठे गेला? पुजारी सांगतात, मोठ्या दुष्काळात देवांनी तो समुद्राकडे पाण्यासाठी गहाण ठेवला, आणि व्याज अजून फिटतंय. म्हणून सुगीनंतर प्रत्येक घरची थोरली सून गुडघाभर पाण्यात उतरते, मूठभर नवं धान्य सोडते आणि विचारते, "किती उरलं?" पुढची लाट येईपर्यंत काठावर कोणी ब्रही काढायचा नाही. मग ढोल. कोळी यातलं काही मानत नाहीत. त्यांच्या मते धाकटा चंद्र समुद्राच्या लेकीबरोबर पळून गेला आणि देवांनी अब्रू झाकायला गहाणखत रचलं. ते खत ज्या घराण्याकडे आहे त्यांना धान्य सोडण्याचा मान नाही, आणि ते उघडून वाचायची कोणाची छातीही नाही. एके वर्षी सून विचारते "किती उरलं?" आणि गर्दीतून कोणीतरी आकडा सांगतं. कादंबरी तिथून सुरू होते. या जगाची उत्पत्ती कशी झाली ते मी अजून ठरवलेलं नाही आणि कोणी विचारलेलंही नाही.

एक सावधगिरी: प्रत्येक दगडाला कथा चिकटवू नका. कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीत ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची, छोटी कांस्यमूर्ती सापडली. ती आता टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये आहे. सातवाहनांच्या काळात कुठल्या कुठे व्यापार चालायचा त्याची ती खूण. तिच्यावर आमच्याकडे ना ओवी आहे, ना नवस. जगात अशाही वस्तू असतात, आणि त्या असल्या की बाकीच्या कथा जास्त खऱ्या वाटतात.

तर तुमचा नीलाक्ष. सातातलं हे तिसरं युद्ध ठेवा, बाकीची सध्या वहीत राहू द्या. तुटलेला हात पडला कुठे? तिथे आज काय आहे, डोंगर, भट्टी, की कुंभारवाडा? त्या तिथीला तिथली माणसं जेवतात कोणत्या हाताने, आणि डावखुऱ्या पोराला त्या दिवशी घरात ठेवतात की पालखीत बसवतात? दोन गावं "हात आमच्याकडेच पडला" म्हणत असतील तर फारच उत्तम. त्यांचं भांडण राजाच्या कचेरीत तीन पिढ्या अडकवून ठेवा आणि तुमच्या नायिकेला त्या कचेरीत कारकून करा.