देवाच्या कृपेनेच तारण (पापापासून सुटका) होतं, तर मग विश्वासात वाढायचं कशासाठी?

तारण मिळवायला नाही, ते मिळालंय म्हणून. बायबलमधल्या इफिसकरांस पत्रातली २:८-९ ही वचनं आपल्याकडे तोंडपाठ असतात: तारण कृपेने, कर्मांनी नाही. गाडी तिथेच थांबते! लगेच पुढचं १०वं वचन सांगतं, की आपल्याला ख्रिस्तात घडवलंय ते सत्कृत्यांसाठीच.

पंडिता रमाबाईंचं बघा. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा, १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन. कामात काही कमी नव्हतं. तरी त्यांनीच नंतर लिहिलंय, की तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. क्षमा कमवावी लागत नाही, हे मनात उतरायला आणखी काही वर्षं गेली. मग त्या हात बांधून बसल्या का? उलट १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणल्या, केडगावला त्यांच्यासाठी ‘मुक्ती’ ही संस्था उभी केली. पुढे हिब्रू-ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणायला बसल्या, ते अगदी शेवटपर्यंत.

तुम्ही रोज एखादा उतारा वाचा, प्रार्थना करा, मंडळीत (चर्चमध्ये) जात राहा. एखादा आठवडा चुकला तर तारण गेलं म्हणून घाबरू नका, पुन्हा सुरू करा. आधी योहानाचं शुभवर्तमान घ्या, रोमकरांस पत्र नंतर. ते सुरुवातीला जड जातं.