एकटीनं कोलकाता : बोलायचं कुणाशी आणि काय?

प्रश्न : ताई, मी मिरजेची, वय ४३, प्राथमिक शिक्षिका. जानेवारीत प्रशिक्षणासाठी कोलकात्याला जायचंय. नंतर तीन दिवस एकटीनं शहर पाहावं असं फार मनात आहे. एकटीची भीती नाही, पण अनोळखी माणसांशी काय बोलावं ते मला सुचत नाही. बंगालीही येत नाही. मग तीन दिवस मुक्यानंच फिरायचं का? – एक वाचक, मिरज

उत्तर : राहा, नक्की राहा. फक्त प्रेक्षणीय स्थळांची यादी बाजूला ठेवा. व्हिक्टोरिया, दक्षिणेश्वर, बेलूर असं टॅक्सीनं उरकलंत, तर टॅक्सीवाला आणि तिकीटवाला सोडून कुणाशी बोलणंच होत नाही. तीन दिवस एकच रस्ता धरा : रवींद्र सरणी. जुनी माणसं अजून चितपूर रोडच म्हणतात. लालबाजारपासून उत्तरेला बागबाजारकडे जातो.

लालबाजारच्या बाजूला वाद्यांची दुकानं आहेत. तिथं ‘मी मिरजेची’ एवढंच म्हणा. सतार-तंबोरा ज्याच्या हाताखालून जातो त्याला मिरज कुठं आहे हे सांगावं लागत नाही. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात हे तुम्हाला माहीत असेलच. तिथूनच बोलणं सुरू होईल. हिंदी चालतं. ‘दादा’, ‘दीदी’ म्हणून हाक मारा, आपल्यासारखंच.

पण माझा खरा जीव कुमारटुलीत आहे. बनमाली सरकार स्ट्रीटवर दोन्ही बाजूंना मूर्तिकारांचे कारखाने. जानेवारीत सरस्वतीच्या मूर्तींची घाई असते, कारण वसंत पंचमीला तिकडं शाळाशाळांतून पूजा होते. आपले बहुतेक गणपती साच्यातून निघतात. इथं बांबूवर पेंढा सुतळीनं आवळून आधी अंग तयार करतात, मग त्यावर माती चढते. पहिल्या दिवशी मोबाइल पर्समध्येच असू द्या. बाजूला उभं राहून बघा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्याच कारखान्यात जा. कालच्या पेंढ्यावर माती चढलेली दिसेल आणि ‘काल आला होतात ना?’ हा प्रश्न समोरूनच येईल. मला तिथं एका वयस्कर कारागिरानं दुसऱ्या दिवशी स्टूल पुढं सरकवलं, ‘भांड’ म्हणजे मातीच्या कपातला चहा मागवला आणि आपल्या गणपतीला माती कुठली, विसर्जन कुठं, सगळं खोदून खोदून विचारलं. पहिल्या भेटीत आपण गिऱ्हाईक किंवा पर्यटक असतो. ओळख दुसऱ्या भेटीत होते, हे मी अगदी ठामपणे सांगते. म्हणून नवीन दहा जागा बघण्यापेक्षा त्याच दोन जागी पुन्हा जा. तुम्ही शिक्षिका आहात, शाळेत सरस्वतीपूजन कसं करता हे सांगितलंत तरी अर्धा तास जाईल.

दुपारी महात्मा गांधी रोडनं पूर्वेला चालत कॉलेज स्ट्रीटला या. जुन्या पुस्तकांच्या टपऱ्यांवर मुलांची चित्रांची पुस्तकं मागा. मग तिथल्या कॉफी हाउसात बसा. काळ्या कॉफीला तिथं ‘इन्फ्युजन’ म्हणतात. गर्दी असली की टेबल वाटून घेतात आणि एकटी बाई बसली म्हणून कुणी वळून बघत नाही. समोरचे वाद घालत असतील तर ऐकत राहा. थोड्या वेळानं तुमचंही मत विचारतील.

बागबाजारात मराठा डिच लेन नावाची गल्ली आहे. नागपूरकर भोसल्यांच्या फौजांच्या धास्तीनं १७४२ च्या सुमारास कोलकातेकरांनी खंदक खणायला घेतला, त्याची ही खूण. महाराष्ट्रातल्या म्हटल्यावर कुणी ‘बर्गीं’चा, म्हणजे त्या मराठा स्वारांचा, विषय काढेल. तिथं वाद घालू नका. बंगालच्या गावांनी त्या स्वाऱ्यांत फार सोसलंय, ऐकून घ्या.

आता काळजीचं. जानेवारीत तिथं सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आपल्यापेक्षा जवळजवळ तासभर आधी. त्या हिशेबानं निघा. राहायला शोभाबाजार किंवा गिरीश पार्क मेट्रोजवळ बघा. लॉजचं नाव कुणालाही सांगू नका. कुणी घरी चला म्हणालं तर गप्पा दुकानातच, चार माणसांत. मन कचरलं की कारण न देता उठा आणि जवळच्या मिठाईच्या दुकानात शिरा. तिथं नोलेन गूरची ‘संदेश’ नावाची मिठाई मागा. खजुरीच्या रसाचा हा गूळ थंडीतच मिळतो.