शाळेतले बातमीदार : शिक्षकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : दहावीच्या मुलांना बातमीलेखनात चांगले गुण पडतात, पण शाळेच्या अंकासाठी वाचण्याजोगी बातमी येत नाही. असं का?

कारण उत्तरपत्रिकेतली बातमी मनाने रचलेली असते. पाहुणे कल्पनेतले, आकडा सोयीचा. परीक्षेत ते खपतं. अंकात हीच सवय आड येते. म्हणून पहिले दोन तास लिखाण बंद. मुलांना वही-पेन देऊन जोडीजोडीने एकाच कामावर पाठवा : शाळेतले किती नळ चालू आहेत? मोजणीला १५ मिनिटं, शिपाईमामांशी बोलायला १०, मग आकडे फळ्यावर. ते जुळणार नाहीत. गळका नळ कोणी 'चालू' धरलेला असतो, कोणी 'बंद'. निवाडा तुम्ही देऊ नका. 'चालू' कशाला म्हणायचं ते मुलांनी ठरवावं आणि पुन्हा मोजायला जावं.

नंतर इंट्रो, म्हणजे बातमीची सुरुवात. 'आमच्या शाळेत पाण्याची गंभीर समस्या निर्माण झाली आहे' हे हमखास येतं. खोडायला लावा. 'शाळेतल्या १२ पैकी ५ नळांना सोमवारी मधल्या सुट्टीत पाणी नव्हतं,' एवढं पुरतं. गंभीर आहे की नाही ते वाचक बघेल. 'करण्यात आले'वरही बंदी घाला, त्यात कोणी केलं तेच लपतं.

प्रश्न : छपाईला पैसे नाहीत.

भित्तिपत्रक काढा. २२ बाय २८ इंचांचा कार्डशीट आडवा धरून चार कॉलम आखा. तीन-चार बातम्या, प्रत्येकी ८०-१०० शब्द. मजकूर वेगळ्या पट्ट्यांवर लिहून चिकटवा, म्हणजे चूक निघाली तर पट्टीच बदलते. दुरुस्ती मात्र चौकटीत जाहीर करा. अक्षर सुंदर म्हणून एकाच मुलीला सगळं उतरवायला बसवू नका, तिची स्वतःची बातमी राहून जाते. पहिल्या अंकाला ६ जानेवारी, पत्रकार दिन, बरा. १८३२ साली याच तारखेला 'दर्पण' निघालं, तेही मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत. सेमी-इंग्रजीच्या वर्गाला हे आवर्जून सांगा.

प्रश्न : पोषण आहारावरची बातमी मुख्याध्यापकांनी अडवली. काय करावं?

आधी बातमी पक्की आहे का बघा. सहावी ते आठवीला दर विद्यार्थी रोज १५० ग्रॅम धान्य हा निकष आहे, पण तो कच्च्या धान्याचा. मुलं ताटातला भात तोलतात आणि 'भरपूर मिळतो' किंवा 'कमी मिळतो' असं लिहून मोकळी होतात. शिजल्यावर तांदळाचं वजन दुपटीहून जास्त भरतं, त्यामुळे दोन्ही निष्कर्ष फुकट. त्या दिवशीची हजेरी घ्या, शिजवायला काढलेला तांदूळ तोलताना बघा. १२० मुलं जेवणार असतील तर १८ किलो हवा. फरक दिसला की आकडे घेऊन मुलांनीच मुख्याध्यापकांकडे जावं आणि त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत बातमीत घालावं. तयार पान अचानक टेबलावर ठेवलं की नकारच येतो.

प्रश्न : शाळेतल्या मुलीशी गैरवर्तन झालं. नाव न देता बातमी करता येईल?

नाही. पॉक्सो कायद्याच्या (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, २०१२) कलम २३ नुसार नावाबरोबरच पत्ता, फोटो, कुटुंब, शाळा, परिसर, ओळख पटेल असं काहीच माध्यमांत देता येत नाही. तुमच्या अंकावर शाळेचं नाव तर छापलेलंच असतं. शिवाय अशी घटना कानावर आली की पोलिसांना कळवणं कलम १९ नुसार बंधनकारक आहे. ते काम मोठ्यांचं; मुलांना तिथे मुलाखतीला पाठवू नका.