बाही सैल आहे, तरी वजन वाढतंय

दोन महिन्यांत जिममध्ये तुझा स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर बार घेऊन बैठक, रिकाम्या २० किलोच्या बारवरून ५० किलोवर गेला म्हणतोस, मस्तच! टी-शर्टची बाही अजून तशीच सैल आहे म्हणून हिरमुसू नकोस. सुरुवातीची ही वाढ बरीचशी मज्जासंस्थेची असते. स्नायू जवळपास तेवढेच, पण मेंदू त्यातले जास्त तंतू एकदम कामाला लावायला शिकतो, बार डगमगायचा थांबतो. आरशात दिसेल अशी जाडी सावकाश येते.

हे दिवस वाया घालवू नकोस. रोज व्यायाम बदलत बसलास तर शरीर शिकणार काय? स्क्वॉट, डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं), बेंच (बाकावर झोपून बार छातीवरून वर ढकलणं), रोइंग (वाकून बार पोटाकडे ओढणं), आठवड्यातून तीन दिवस, बास. दर खेपेला दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची प्लेट चढव. बेंचला तेवढंही जड गेलं तर एखादा रेप, म्हणजे एक जास्तीची उचल, वाढव. आणि सगळं वहीत लिही. मोबाइलमध्ये लिहायला गेलास की रील्स बघत बसशील.

एक मात्र ऐक. स्नायूंपेक्षा कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या, हळू मजबूत होतात. मी नवा असताना मित्रांच्या नादात डेडलिफ्टला एकदम २० किलो वाढवले, पाठ गोल झाली आणि तीन आठवडे बुटाची नाडी बांधायला वाकता येईना. बायको बांधून द्यायची! शेवटचा रेप वाकडातिकडा झाला की त्या दिवशी वजन तिथेच ठेव.

चहा-बिस्किटांवर हे चालणार नाही, अंडी, पनीर, उसळ पोटभर खा. पुढे कधीतरी वजन अडेलच, तेव्हा वही घेऊन ये, बघू.